भिवंडी आणि ‘तमस’ची कथनरीती

अलँ रेने यांच्या ‘हिरोशिमा मॉन आमूर’ (१९५९) या फ्रेंच चित्रपटात हिरोशिमास आलेल्या नायिकेच्या मनात नव्हेर या तिच्या गावातील युद्धकाळ जागा होतो, आणि दोन नगरांच्या कथा एकमेकींत मिसळतात. अमेरिकेची नाराजी नको म्हणून या चित्रपटास कान महोत्सवाच्या स्पर्धेबाहेर ठेवण्यात आले होते. एका उद्ध्वस्त नगराने दुसऱ्याची स्मृती चाळवावी, याचे आपल्याकडील उदाहरण भिवंडीचे होय.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. त्यानंतर तेथे गेलेल्या भीष्म साहनी यांना मार्च १९४७ मधील रावळपिंडी आठवली. आपल्या ‘तमस’ या हिंदी कादंबरीचा उगम त्यांनी आत्मकथनात या भेटीशीच जोडला आहे. कादंबरीची कथा फाळणीपूर्व पंजाबात घडते. तथापि तिच्या कथनरीतीवर भिवंडीचा ठसा आहे, असे आम्हांस वाटते.

दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगास परिणामाकडून कारणाकडे जावे लागले. कादंबरीचा क्रम याच्या उलट आहे. मुराद अलीच्या सांगण्यावरून चर्मकार नथ्थू प्रारंभीच डुक्कर मारतो, आणि पुढे मशिदीच्या पायऱ्यांवर डुक्कर सापडते. कारण वाचकास ठाऊक, नगरास अज्ञात! अखेरीस शांततेच्या घोषणा देत फिरणाऱ्या गाडीत तोच मुराद अली असतो. कथेस एक नायक नाही. दंगलीनंतर गावातून हिंडणाऱ्या माणसाप्रमाणे तिची दृष्टी घरोघर फिरते.

गोविंद निहलानी यांनी चित्रपटात नथ्थू व त्याची पत्नी यांच्या कथेचा विस्तार करून हा विखुरलेला पट सांधला. जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर त्याचे भाग दाखविले जाऊ लागले, तेव्हा त्यामुळे द्वेष भडकेल असा आक्षेप निघाला. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा होरपळली होती; त्यामुळे ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात प्रथम स्थगिती मिळाली, परंतु न्या. लेंटिन व न्या. सुजाता मनोहर यांनी चित्रपट संपूर्ण पाहून ती उठविली. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही प्रक्षेपणास मान्यता दिली. कृतीचा परिणाम विवेकी व खंबीर माणसाच्या दृष्टीने जोखावा, हे नागपूरच्या १९४६ च्या निवाड्यातील तत्त्व त्याने स्वीकारले.

‘संपूर्ण पाहून’ हा तपशील येथे निर्णायक होय. ज्या कथेत कारण आरंभी आणि त्याचा अर्थ अखेरीस येतो, तिचा पहिला भाग एकटाच पाहिला तर तो चिथावणी वाटू शकतो. संपूर्ण पाहिली तर तीच कथा चिथावणी देणाऱ्यास उघडे पाडते. कथनरीतीचा विचार म्हणूनच केवळ साहित्यशास्त्राचा राहत नाही. इतिहासाच्या अभ्यासकासही तो टाळता येणार नाही.