तबकडीत गाणं नसतं

डीजे वापरतात त्या सेरातो सिस्टीमची टाइमकोड तबकडी टर्नटेबलवर ठेवावी आणि वायर लॅपटॉपच्या इंटरफेसमध्ये न घालता सरळ ॲम्पला जोडावी. गाणं नाही, ठेका नाही. एक सपाट शिट्टी ऐकू येते. १००० हर्ट्झची, म्हणजे पेटीच्या तार सप्तकातल्या पांढरी सातच्या अगदी शेजारची. कडेला बोट टेकवलं की शिट्टी कण्हत खाली येते, बोट काढलं की पुन्हा चढते. ३३⅓ सोडून ४५ चं बटण दाबलं की १३५० हर्ट्झवर जाऊन बसते. बाहेरच्या कडेपासून लेबलापर्यंत दुसरं काही नाही.

कोणत्या डिजिटल व्हिनाइल सिस्टीमचा आवाज चांगला, यावर तावातावानं बोलणाऱ्याला मी आधी ही शिट्टी ऐकवतो. 'व्हिनाइलचा उबदार आवाज' हा मुद्दा तिथेच निकालात निघतो, कारण श्रोत्याच्या कानावर पडणारं काहीही त्या खाचेतून येत नाही. डाव्या आणि उजव्या चॅनेलवर एकच सूर असतो, फक्त पाव आवर्तनानं मागेपुढे. कोणता पुढे आहे यावरून तबकडी सुलटी फिरते की उलटी ते कळतं, सुराच्या उंचीवरून गती कळते आणि सुराच्या जोरात पेरलेल्या बारीक चढउतारांवरून सुई कुठे आहे ते. लॅपटॉपमधला प्रोग्रॅम हे वाचतो आणि डिस्कवरची फाइल त्या गतीनं वाजवतो. तबकडी म्हणजे इथे नुसतं सुकाणू.

खरी तबकडी वेगळी. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या तांब्याच्या तबकडीच्या खाचेत केसरबाईंचा आवाज आहे आणि मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी फिरवणाऱ्या कुणालाही तो ऐकू येईल. टाइमकोडची तबकडी तशीच कुणाला अंतराळात सापडली तर त्या बिचाऱ्याच्या हाती शिट्टी लागेल.

या शतकाच्या सुरुवातीला फायनल स्क्रॅच आलं, २००४ मध्ये रेन कंपनीच्या इंटरफेसबरोबर सेरातोचं स्क्रॅच लाइव्ह आलं, मग बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं ट्रॅक्टर स्क्रॅच. फुकट आणि खुल्या प्रोग्रॅमांत एक्सवॅक्स आणि मिक्स. शिट्टी प्रत्येकाची वेगळी: सेरातोची १००० हर्ट्झ, ट्रॅक्टरची आधी २०००, पुढच्या पिढीत २५०० हर्ट्झ. तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांची, म्हणून सेरातोच्या फेरीत १८०० आवर्तनं आणि ट्रॅक्टरच्या नव्या तबकडीत ४५००. जास्त आवर्तनं म्हणजे जास्त चांगला आवाज, असा अर्थ बरेच जण लावतात. तो चुकीचा आहे. हा आकडा हाताची हालचाल किती बारकाईनं मोजली जाते ते सांगतो. हळू स्क्रॅच करताना उपयोगी पडतो, पण फाइलमधल्या सुरात त्यानं काडीची भर पडत नाही.

मग सिस्टीमचा स्वतःचा असा काही आवाज असतो का? असतो, मोजक्या जागी.

पहिली जागा गतीची. खऱ्या तबकडीचे बरेच दोष इथे गळून पडतात: आतल्या खाचांपाशी येणारा फाटकेपणा, धुळीची कडकड, घासलेल्या खाचेची खरखर, यांपैकी काहीच ऐकू येत नाही. एक दोष मात्र तसाच्या तसा फाइलमध्ये उतरतो. तबकडीचं भोक मधोमध नसेल तर सुई प्रत्येक फेरीला आतबाहेर होते आणि गती हेलकावते. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं आणि सुई मध्यापासून १०० मिलिमीटरवर आहे असं धरा. गती अर्ध्या टक्क्यानं वर आणि अर्ध्या टक्क्यानं खाली जाईल. अर्धा टक्का म्हणजे साडेआठ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग तो एक सेंट), एकूण झोका सतरा सेंटचा. आपली प्रमाणश्रुती साडेएकवीस-बावीस सेंटांची. दर पावणेदोन-दोन सेकंदांनी श्रुतीच्या जवळपास पाऊण हिश्शानं सूर हलतोय, आणि तोही षड्जाचा! नाचणाऱ्याला कळणार नाही. तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला पहिल्या मिनिटात कळेल.

हा झोका प्रोग्रॅमनं गाळावा म्हटलं तर पंचाईत होते. झोका हळू आहे आणि हाताची हालचालही बऱ्याचदा तेवढीच हळू असते. झोका दाबायला गेलं की हात सुस्तावल्यासारखा वाटतो. हाताला मोकळीक दिली की झोका आत येतो. प्रत्येक कंपनीनं इथे आपापली तडजोड केलेली आहे. ज्याला लोक 'या सिस्टीमचा फील' म्हणतात तो पुष्कळदा या तडजोडीचा असतो. चकतीवर ठेवलेल्या छोट्या सेन्सरनं फिरण्याचा वेग बिनतारी कळवणारं 'फेज' सुईच वापरत नाही. त्यामुळे भोक कुठेही असलं तरी त्याला फरक पडत नाही. टर्नटेबलचा स्वतःचा हेलकावा यापुढे किरकोळ. टेक्निक्सच्या १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ चा तो ०.०२५ टक्के होता, म्हणजे सरकलेल्या भोकाच्या हेलकाव्याचा विसावा भाग. महागडा टर्नटेबल घेऊन त्यावर वाकडी तबकडी ठेवणाऱ्याचं काय करावं, ते मला कळत नाही.

दुसरी जागा नमुन्यांच्या मधल्या फटींची. फाइलमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. तबकडी हाती घेतलेल्या माणसाच्या गतीतला फरक कधीच बरोबर शून्य टक्के नसतो, ०.०३, मग उणे ०.०१, मग परत वर. म्हणजे प्रोग्रॅमला सतत दोन नमुन्यांच्या मधल्या किमती काढाव्या लागतात. दोन बिंदू सरळ रेषेनं जोडले तर वरच्या पट्टीत खोटे सूर शिरतात, झांजेला कचकचीत धार येते. चार बिंदूंतून वक्र काढला तर बरंच सुधारतं. एक्सवॅक्स तसं करतं, आणि त्याचा कोड उघडा असल्यामुळे कुणीही वाचून खात्री करावी. त्याहून लांबलचक गणित केलं तर आणखी स्वच्छ, पण प्रोसेसरवर ताण. इथे एक फसवणूक सांगायलाच हवी. दोन प्रोग्रॅमांची तुलना करताना लोक सुई उचलून माउसनं फाइल चालवतात. तेव्हा गतीतला फरक नेमका शून्य टक्के असतो, मधल्या किमती काढायची गरजच पडत नाही आणि दोन्ही प्रोग्रॅम सारखेच निघतात. जे तपासायचं तेच बाजूला ठेवलं की परीक्षा सोपी जाते.

तिसरी आणि सर्वांत मोठी जागा कीलॉकची. गती ८ टक्क्यांनी वाढवली तर सूरही चढतो, पूर्ण स्वराइतका नव्हे पण अर्ध्या स्वराहून जास्त. काळी एकचं गाणं पांढरी दोनच्याही पुढे जातं. चढू नये म्हणून कीलॉक दाबतात. आता प्रोग्रॅमला लय बदलून सूर जागेवर ठेवायचा असतो, आणि हे काम फुकटात होत नाही. एक रीत तुकड्यांची: आवाजाचे काही दशक मिलिसेकंद लांबीचे तुकडे कापायचे, लय वाढवायची तर मधले काही गाळायचे, कमी करायची तर काही दोनदा वाजवायचे, आणि जोड दिसणार नाहीत अशा बेतानं शिवायचे. दुसरी रीत वर्णपटाची: आवाज सुटे सूर करून मोजायचा, प्रत्येकाची कला नव्यानं लावायची आणि पुन्हा बांधायचा. मिक्समध्ये दोन्ही घराणी शेजारी मिळतात, साउंडटच पहिल्या रीतीचं आणि रबरबँड दुसऱ्या. एकाच मशीनवर, एकाच फाइलवर अदलाबदल करून ऐकता येतं, म्हणून शिकण्यासाठी मी तेच सुचवतो.

ऐकायचं काय, यात आपण परदेशी याद्यांवर विसंबून राहतो. गरज नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीला वाजते ती हलगी घ्या. तिचा ठोका इतका तुटक असतो की तुकड्यांच्या रीतीत लय कमी करताना तो जोडावर सापडला की एकाचे दोन ठोके होतात, कुणी दुसऱ्या काडीनं चुकून स्पर्श केल्यासारखे. वर्णपटाच्या रीतीत ठोका दोन होत नाही, पसरतो. २०४८ नमुन्यांची खिडकी म्हणजे ४६ मिलिसेकंद. तबल्याच्या चाटेवरचा 'ना' तेवढ्या खिडकीत विरघळला की बोटाची टोकदार चाहूल जाते आणि नुसता नाद उरतो. आता मिरजेच्या तंबोऱ्याकडे या. इथे उलटं होतं. जवारी सतत उमलत असते, तिचा एक क्षण पुढच्यासारखा नसतो. तुकडे शिवले की जोडाजोडांवर थरथर उठते. वर्णपटाची रीत तंबोरा बराच सांभाळते, पण मोकळा आकार तिच्यातून आला की पाइपातून आल्यासारखा वाटतो. म्हणून 'कोणतं कीलॉक चांगलं' या प्रश्नाला एक उत्तर नाही. रिमिक्स वाजवणाऱ्यानं ठोका सांभाळावा, गाणं वाजवणाऱ्यानं सूर. आणि गतीतला फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर कीलॉक बंदच ठेवावं. सूर अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच सरकतो, आवाज मात्र अख्खा राहतो.

फाइलबद्दल थोडक्यात. सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिट. १२८ ची एमपी३ म्हणजे त्याचा अकरावा भाग. एमपी३ आवाजाला ५७६ नमुन्यांच्या, म्हणजे १३ मिलिसेकंदांच्या हिश्श्यांत मोजते. शांततेनंतर एकदम खणखणाट झाला की चुकीची रेघ त्या हिश्श्यात मागेही पसरते आणि ठोक्याच्या आधीच हलकीशी 'फस्स' ऐकू येते. युरोपात यासाठी कास्टनेट वाजवून बघतात. आपल्याकडे लेझीम आहे, आणि ती कास्टनेटहून कठोर परीक्षक आहे. ३२० ला हा दोष बहुतेकांना ओळखता येत नाही. १२८ वरून पुन्हा ३२० बनवलेली फाइल मात्र १२८ च असते, नाव काहीही दिलं तरी. व्हॉट्सॲपवरून आलेलं गाणं हजारो रुपयांच्या इंटरफेसमधून वाजवणारे मी पाहिलेत.

इंटरफेसबद्दल माझं मत ऐकून काहींना राग येतो. आजच्या बऱ्या इंटरफेसचा विपर्यास शतांश टक्क्याच्या आसपास असतो, जोरात वाजणाऱ्या स्पीकरचा काही टक्के. शेकडोपट मोठ्या दोषाच्या आड लपलेला छोटा दोष कानानं शोधता येत नाही. आढळतात ते दोष जोडणीचे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत आम्ही दोन सिस्टीम ऐकायला बसलो होतो, आणि एकीत 'घरघर' आहे म्हणून ती नापास करायला निघालो. कुणीतरी लॅपटॉपचा चार्जर काढला. घरघर थांबली. विजेचे ५० हर्ट्झ अर्थिंगच्या फेऱ्यातून येत होते आणि आम्ही त्याला कंपनीचा आवाज समजत होतो. त्या दिवसापासून टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर मी स्वतः घट्ट करतो.

खरी तुलना करायची तर आधी पातळी जुळवावी. एक डेसिबल मोठा आवाज मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. सगळी गडबड तिथे आहे. एक डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये १२ टक्के. १००० हर्ट्झचा सूर वाजवून साध्या मल्टिमीटरनं दोन्हीकडचं व्होल्टेज मोजावं आणि फरक एक टक्क्यापर्यंत आणावा. मग कोणती सिस्टीम वाजतेय हे न सांगता सोळा वेळा ओळखायला लावावं. सोळापैकी बारा वेळा बरोबर आलं तर नुसत्या नशिबानं तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. नऊ-दहा आले तर चहा प्यावा आणि दुसऱ्या विषयावर बोलावं.

आता रस्त्यावर. कोल्हापुरात गणपतीच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी; गोंगाट घटवणाऱ्याचं नाव आपल्या गावानं गोंगाटाला दिलं. या भिंतीमागे टर्नटेबल नसतोच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सुई टिकायची नाही. सुई टिकली तरी बेसच्या धक्क्यानं तबकडी थरथरेल आणि टाइमकोडमध्ये त्या थरथरीचा आवाज न होता गती चुकेल, म्हणजे गाणंच डुलेल. ऑपरेटर पेन ड्राइव्ह मागतो ते बरोबर आहे.

महाद्वार रोडसारख्या अरुंद रस्त्यात समोरासमोरच्या इमारती आवाज परतवत राहतात. ध्वनी मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर जातो. भिंत पाच मीटरवर धरली तर परतीचा आवाज २९ मिलिसेकंदांनी येतो आणि हलगीच्या ठोक्यावर त्याचीच सावली पडते. शेजारी-शेजारी रचलेल्या 'टॉप' स्पीकरांमधून एकच आवाज थोड्या-थोड्या फरकानं कानाशी येतो. काही सूर दुणावतात, काही मरतात, आणि दोन पावलं सरकलं की यादी बदलते. मिक्सरचे लाल दिवे पेटलेले असतात. लहरींची डोकी छाटलेली असतात आणि या छाटणीतून जे नवे कर्कश सूर निघतात त्यांच्यापुढे आतापर्यंत मोजलेले सगळे दोष किरकोळ आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दर दहा डेसिबलला दहापट शक्ती, हा हिशेब ध्यानात ठेवून मिरवणुकीतला १०० चा आकडा वाचावा: ५५ च्या तीस हजारपट.

शिवाय मोजणारं यंत्रच बिघडतं. ८५ डेसिबल आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, या प्रचलित हिशेबानं १०० डेसिबलमध्ये कानाला मिळतात फक्त १५ मिनिटं. त्यानंतर वरचे सूर काही तास बसलेले असतात. आपण म्हणतो 'कान बसले', ते अगदी शब्दशः खरं आहे. बसलेल्या कानाला लेझीम मऊ वाटते, १२८ ची फाइल चालून जाते आणि कीलॉकची थरथर कळत नाही. म्हणून मी तुलना सकाळी करतो, हलगीपासून सुरुवात करून तंबोऱ्यावर येतो, आणि आदल्या रात्री मिरवणुकीत गेलो असेन तर त्या दिवशी करतच नाही.