दहा हजारांहून कमी

कारकुनाचा दिवस आकड्यांत उगवतो आणि आकड्यांतच मावळतो. त्यातून सुटलेली संध्याकाळही मी आकडे गिरविण्यात घालवू लागलो, हे पाहून घरच्या मंडळींस हसू येणे स्वाभाविक होते. फरक एवढाच, की हे आकडे चिनी होते. निमित्त झाले ह्युएन-त्संगाच्या प्रवासवृत्ताचे.

इ. स. ६२९ ते ६४५ या काळात भ्रमण करणारा हा यात्रेकरू कलिंगाहून वायव्येस १८०० हून अधिक ली चालून दक्षिण कोसलात, म्हणजे आमच्या या प्रदेशात आला. राजधानीचा घेर ४० ली, विहार शंभरावर, देवालये सत्तरावर आणि भिक्षू दहा हजारांहून कमी, असे तो लिहितो. राजधानीचे नाव मात्र देत नाही. कनिंगहॅमने १८७१ साली ती चांद्यास असावी असे सुचविले. पुढे अनेक अभ्यासकांनी महानदीकाठच्या सिरपूरला कौल दिला. ते रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे.

चिनी गणना शिकण्यास सोपी. 'यी' म्हणजे एक, 'अर' म्हणजे दोन, 'शर' म्हणजे दहा. मग अकरा 'शर-यी', वीस 'अर-शर' आणि एकवीस 'अर-शर-यी'. आपल्या एकोणतीस-त्रेसष्टांसारखी पाठांतराची शिक्षा तेथे नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील 'वीस एक' या वाचनावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! चीनमध्ये तीच जनरीत आहे.

खरी गोम पुढे आहे. दहा हजारांस चिनीत 'वान' हा स्वतंत्र शब्द आहे. लाख म्हणजे 'शर-वान', दहा वान. 'वान' अगणित या अर्थानेही येतो. तेव्हा 'दहा हजारांहून कमी' ही शिरगणती नव्हे. एका मोठ्या राशीला थोडे कमी, एवढाच तिचा आशय. शंभर, सत्तर, अठराशे यांच्यामागेही मुळात 'यू', म्हणजे 'आणि काही अधिक', हे अक्षर आहे. कचेरीत मी रोज पाहतो, मूळ टिपणातला 'सुमारे' तिसऱ्या प्रतीपर्यंत गळून पडतो आणि अंदाजाचा हिशेब होतो. इतिहासातही हेच घडते.

रायपूरकर म्हणून माझे मन सिरपूरकडेच झुकते. परंतु अशा आकड्यांवर कंपास टेकवून राजधानी ठरत नाही. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी १९५० नंतरच्या दशकात सिरपूरची माती उकरून विहार उजेडात आणले. सिरपूरचा दावा जो काही बळावला, तो अशा कुदळीने. आकड्यांकडून मागावी ती साक्ष, निवाडा नव्हे.