एंड म्हटलं, पण संपलं कुठं?

आज इतिहास, पण कोडचा. आणि सुरुवात माझ्याच घोळापासून.

नगर जिल्ह्यातल्या (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून लागतेय) एका दूध संकलन केंद्रासाठी मी नोड जेएसमध्ये छोटा सर्व्हर लिहिला होता. सकाळच्या नोंदी फाइलमध्ये जायच्या. शेवटी एंड() आणि लगेच प्रोसेस.एक्झिट(). झालं! शेवटच्या काही शेतकऱ्यांच्या नोंदी गायब. लिटर, फॅट, सगळंच. केंद्रावरच्या काकांनी वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून लोकांचे पैसे वाचले.

एंड() म्हणजे ‘आता नवीन काही देणार नाही’, एवढंच. बफरमधलं अजून वाटेत असतं. भंडारदऱ्याचं आवर्तन बंद केलं तरी ओझर बंधाऱ्याच्या पुढं कालव्यात पाणी चालूच राहतं ना, तसं. त्यात कुणी मधलंच गेट पाडलं, तर कोरडा राहतो तो टेलचा शेतकरी. माझा एक्झिट म्हणजे ते गेट.

कोडला पाण्याची उपमा जुनीच आहे. 1964 मध्ये बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी एका टिपणात लिहिलं, की प्रोग्रॅम बागेच्या नळीसारखे एकमेकांना जोडता यायला हवेत. 1973 मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला. 2009 मध्ये रायन डाल यांचं नोड आलं आणि त्यातही पाइप() आलाच. जोडणं एका ओळीचं काम. बंद करणं मात्र रखडलं. वाचणाऱ्या बाजूला एरर आली, की पाइप() लिहिणारी बाजू बंदच करायचा नाही. फाइल उघडी लटकायची. अशा साचत गेल्या, की सर्व्हर आडवा! तेव्हा लोक मॅथियस बूस यांचं ‘पंप’ नावाचं पॅकेज वापरायचे (नाव बघा!). नोडमध्येच डिस्ट्रॉय() आलं 2017 ला, आठव्या आवृत्तीत. पाइपलाइन() आलं 2018 ला, दहाव्या आवृत्तीत. म्हणजे नळीच्या कल्पनेपासून ती नीट बंद होईपर्यंत 54 वर्षं.

आता मी एंड() नंतर ‘फिनिश’ इव्हेंटची वाट बघतो, ‘एरर’ही ऐकतो. तो एक्झिट काढून टाकला. डिस्ट्रॉय() फक्त काही बिघडलं तरच, कारण ते वाटेतला डेटा सोडून देतं. आणि ‘फिनिश’वरही निर्धास्त राहू नका: डेटा ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात गेला, एवढंच ते सांगतं. डिस्कवर उतरलाय याची खात्री हवी असेल तर एफसिंक() करावं लागतं. आमच्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी ते करतोच.

काकांची वही मात्र अजून चालू आहे.