आजीची नागीण आणि ‘पी’ नावाची पावडर

आजीच्या पाठीवर नागीण उठली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि वेल्ह्याकडे आमची भातलावणी चालू होती. शेजारणीने गेरू लावला. नागिणीची दोन्ही तोंडं जुळू देऊ नका, असंही बजावलं. ती सहसा जुळत नाहीतच. कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षं दडून बसतो आणि उठतो तो बहुधा त्याच तंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला. पुरळ वाळलं, आग राहिली. पदर घासला तरी आजी कळवळायची. भोरच्या डॉक्टरांनी मिरचीचा अर्क असलेलं मलम दिलं.

“जळत्यावर मिरची? डॉक्टर हाय का कोण?”

उत्तर शोधताना मी १९३१च्या लंडनला पोचलो. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूतून आणि आतड्यातून एक अर्क काढला होता. त्याने सशाचा रक्तदाब उतरायचा, आतडं आकसायचं. त्याच्या कोरड्या पावडरीला ‘पी’ म्हणू लागले आणि ‘सबस्टन्स पी’ हेच नाव कायमचं चिकटलं. (आमच्या कोडमध्येही ‘टेम्प’ नावाची व्हेरिएबल्स अशीच वर्षानुवर्षं टिकतात.) १९५३ साली फ्रेड लेम्बेकने सुचवलं, की मज्जारज्जूत संवेदना आणणाऱ्या मागच्या मुळांत हा पदार्थ भरपूर आहे, तेव्हा निरोप्या तोच असावा. तो नेमका आहे काय, हे कळायला १९७० उजाडलं. सुसान लीमन मेंदूतलं भलतंच संप्रेरक शोधत होत्या. त्यांच्या अर्काने उंदरांना लाळ सुटू लागली, आणि त्या लाळेच्या मागावर ११ अमिनो आम्लांची ही साखळी हाती आली.

वेदनेचा झटपट निरोप मज्जारज्जूत ग्लुटामेट पोचवतं. सबस्टन्स पी सावकाश येतं, रेंगाळतं आणि पुढच्या पेशींना हळवं करून ठेवतं. आवाजाचं बटण पिळून ठेवावं तसं. शरीराकडे ब्रेकही आहे. १९७५मध्ये अ‍ॅबर्डीनला एन्केफॅलिन सापडलं, आणि १९७७मध्ये जेसेल आणि आयव्हर्सन यांनी दाखवलं की अफूच्या जातीची द्रव्यं सबस्टन्स पीचा स्राव रोखतात.

इथपर्यंत वाचून मी घरी फोन केला. “आज्जे, ह्या पदार्थाला अडवणारं औषध असणार. मी शोधतो.”

औषध होतं. प्राण्यांवर चाललंही होतं. नव्वदीच्या दशकात माणसांवर, अगदी नागिणीनंतरच्या वेदनेवरही, तपासलं तेव्हा पडलं. मज्जारज्जूत निरोपे इतके आहेत, की एकाला दारात अडवून भागत नाही. त्याच कुळातलं अ‍ॅप्रेपिटंट २००३मध्ये बाजारात आलं, पण केमोथेरपीच्या उलट्यांवर. हे सगळं आजीला सांगायला मला पंधरा दिवस लागले.

मिरचीचं कोडं मात्र सुटलं. तिचा तिखटपणा ज्या दारातून मज्जातंतूत शिरतो, ते डेव्हिड ज्युलियसच्या गटाने १९९७मध्ये शोधलं. त्यासाठी २०२१च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. दार सारखं ठोठावलं की तंतूची टोकं थकून मागे सरतात. आधी वाटायचं, साठलेलं सबस्टन्स पी संपतं म्हणून आराम पडतो. ते अर्धंच खरं निघालं.

आजीने मलम चार महिने लावलं. आग गेली नाही, पण पदर सोसवू लागला. दोनदा तोच हात डोळ्याला लागला, आणि दोन्ही वेळा शिव्या मला.