वेगवान मोटारींचें वार्धक्य

हौसेला मोल नाहीं, ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. वस्तु विकत घेण्याच्या दिवसापुरती ती खरी असेल. पण तीच वस्तु पुढें वीस-पंचवीस वर्षें सांभाळावयाची म्हटली, म्हणजे हौसेलाहि मोल असतें आणि तें हप्त्याहप्त्यानें चुकतें करावें लागतें, हें ध्यानांत येऊं लागतें. याचा पडताळा पाहावयाचा असेल, तर पश्चिम जर्मनींत १९६८ ते १९८० या काळांत निघालेल्या दोन मोटारींचा इतिहास पाहावा. मर्सिडीज-बेंझ कारखान्याच्या ‘३०० एसईएल ६.३’ आणि ‘४५० एसईएल ६.९’ अशीं त्यांचीं नांवें. दिसावयास दोन्ही चार दारांच्या, सभ्य, गृहस्थी वळणाच्या. परंतु त्यांच्या अंगीं शर्यतीच्या मोटारींना शोभेल असा वेग होता. त्या जन्मास कशा आल्या ही हकीकत मनोरंजक आहे. त्या जगल्या कशा, ही हकीकत अधिक बोधप्रद आहे.

१९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत या कारखान्यानें ‘६००’ ही अवाढव्य मोटार मांडली. राष्ट्रप्रमुख आणि धनाढ्य लोक यांच्याकरितां ती बनविलेली होती व तिला आठ सिलिंडरांचें, ६.३ लिटरचें, २५० अश्वशक्तीचें इंजिन होतें. एरिक वाक्सेनबेर्गर नांवाच्या तेथील एका इंजिनियराच्या मनांत असें आलें कीं, हेंच इंजिन त्याहून लहान व हलक्या गाडींत बसविलें तर काय होईल? कारखान्याच्या ठरलेल्या योजनेंत नसतांना, १९६६ च्या सुमारास, त्यानें तसा प्रयोग केला. मोटार-विकास विभागाचे प्रमुख रुडॉल्फ उलेनहाउट हे स्वतः निष्णात चालक. त्यांनीं ती गाडी चालवून पाहिली, आणि प्रयोगाला मान्यता मिळाली. मार्च १९६८ मध्यें जिनिव्हाच्या प्रदर्शनांत नवी मोटार लोकांपुढें आली. उभ्या जागेवरून ताशीं १०० किलोमीटरचा वेग ती साडेसहा सेकंदांत गांठी आणि तिचा कमाल वेग ताशीं २२० किलोमीटर होता. १९७२ पर्यंत अशा ६,५२६ गाड्या तयार झाल्या.

हा वेग ज्या सुखानें अनुभवावयास मिळे, त्या सुखाचें रहस्य इंजिनांत नव्हे, तर चाकांजवळ होतें. या गाडीस पोलादी कमानींच्या ऐवजीं रबराच्या हवाबंद पिशव्या बसविलेल्या होत्या. इंजिनावर चालणारा एक पंप टाकींत हवा सांठवी आणि तीन झडपा ती हवा चाकांकडे कमीजास्त सोडून गाडी नेहमीं एका पातळीवर ठेवीत. मागें तीन माणसें बसोत वा कोणीच न बसो, गाडी कलत नसे. पण रबर हें अखेर रबरच. वर्षें लोटलीं म्हणजे तें कडक होतें, त्यास भेगा पडतात. झडपांतून हवा झिरपूं लागते. मग रात्रीं ताठ उभी केलेली गाडी सकाळीं जमिनीस पोट टेकून बसलेली आढळते. शिवाय इंजिनाच्या झडपांचें अंतर ठराविक काळानें हातानें जुळवावें लागे आणि पुढच्या चाकांच्या सांध्यांस वेळेवर वंगण द्यावें लागे. ज्या मालकानें हें केलें, त्याची गाडी टिकली. ज्यानें ‘अजून चालते आहे ना’ म्हणून पुढें ढकललें, त्याची गाडी एके दिवशीं चालेनाशी झाली.

दुसऱ्या गाडीच्या जन्माआड जगाचें राजकारण आलें. ऑक्टोबर १९७३ मध्यें तेलाचें संकट ओढवलें. पश्चिम जर्मनींत त्या वर्षीं नोव्हेंबर-डिसेंबरमध्यें चार रविवार खासगी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी झाली, आणि एरवीं वेगाची मर्यादा नसलेल्या महामार्गांवरहि कांहीं काळ मर्यादा आली. अशा वेळीं पेट्रोल पिणारी गाडी विकावयास काढणें शोभलें नसतें. म्हणून ‘६.९’ ही १९७५ सालीं बाजारांत आली. तिचें इंजिन २८६ अश्वशक्तीचें, कमाल वेग ताशीं २२५ किलोमीटर. १९८० पर्यंत अशा ७,३८० गाड्या निघाल्या.

पहिल्या गाडीच्या मालकांचा त्रास कारखान्याच्या कानीं गेला असावा, असें या गाडीच्या रचनेवरून वाटतें. झडपा आपोआप जुळतील अशी योजना केली होती. तेल इंजिनाच्या तळाशीं न ठेवतां वेगळ्या टाकींत ठेवलें होतें व त्याचा सांठाहि मोठा होता, त्यामुळें तें वारंवार बदलावें लागत नसे. हवेच्या पिशव्यांच्या जागीं दाबाखालील तेल आणि नायट्रोजन वायूनें भरलेले पोलादी गोल आले. परंतु एका काळजींतून सुटका झाली कीं दुसरी काळजी दाराशीं उभी असते. त्या गोलांतील वायु वर्षानुवर्षें सूक्ष्म गतीनें निसटतो आणि मऊ गाडी हळूहळू बैलगाडीप्रमाणें हादरूं लागते. टाकींतील तेलाची पातळी तर इंजिन तापलेलें व चालू असतांनाच पाहावयाची असे. हें ज्यास ठाऊक नाहीं असा मिस्त्री इंजिन बंद करून पातळी पाही आणि गरज नसतां तेल ओती. चांगल्या हेतूनें, पण अज्ञानानें केलेली सेवा अशी अंगाशीं येते.

या गाड्यांचा खरा कसोटीचा काळ त्या जुन्या झाल्यावर आला. पहिला मालक बहुधा उद्योगपति किंवा मोठा डॉक्टर. त्यास खर्चाची क्षिति नसे आणि चारपांच वर्षांनीं तो नवी गाडी घेई. पुढें तीच गाडी दुसऱ्या, तिसऱ्या हातीं मूळ किंमतीच्या लहानशा अंशांत जाई. घेणाऱ्यास वाटे, राजाचा हत्ती बैलाच्या किंमतींत मिळाला. परंतु किंमत उतरली तरी हत्तीचा चारा उतरत नाहीं. सुटे भाग व कारागिराची मजुरी यांचे दर गाडी नवी असतांना ज्या पायरीवर होते त्याच पायरीवर राहिले. उतरली ती फक्त मालकाची ऐपत. कित्येकांनीं हवेची वा तेलाची मूळ व्यवस्था काढून साध्या पोलादी कमानी बसविल्या. हिवाळ्यांत रस्त्यांवर टाकलेल्या मिठानें पत्रा गंजत गेला तो निराळाच. अनेक गाड्या अपघातांत नव्हे, तर अशा उपेक्षेंत संपल्या.

कीर्ति कोणास तारीत नाहीं, याचेंहि उदाहरण याच घराण्यांत आहे. एएमजी या छोट्या संस्थेनें ‘६.३’ जातीची एक गाडी शर्यतीसाठीं सज्ज केली आणि १९७१ सालीं बेल्जममधील स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतींत तिनें दुसरा क्रमांक मिळवून जगास थक्क केलें. एवढी नांवाजलेली गाडी पुढें फ्रान्समधील एका संस्थेकडे चांचण्यांच्या कामीं गेली आणि तेथेंच संपली. आज जी दाखविली जाते ती तिची प्रतिकृति आहे.

ज्या गाड्या उरल्या, त्यांना कोणीं राखलें? चिकाटीच्या सामान्य माणसांनीं. प्रत्येक गाडीबरोबर येणाऱ्या लहानशा वहींत कोणत्या दिवशीं, किती किलोमीटरवर, कोणतें काम झालें याची नोंद ते राखीत. आज जुनी गाडी घेणारा जाणता मनुष्य रंगरूपाआधीं ती वही मागतो. एम-१०० हें त्या इंजिनाचें कारखान्यांतील नांव. त्या नांवानें मालकांचें मंडळ उभें राहिलें व अनुभवाची देवघेव होऊं लागली. कारखान्यानेंहि १९९३ सालीं स्टुटगार्टजवळील फेलबाख येथें जुन्या गाड्यांकरितां स्वतंत्र केंद्र उघडलें. आणखी एक गोष्ट या मालकांनीं अनुभवानें जाणली. गाडी झांकून ठेवल्यानें टिकत नाहीं. ती नियमानें फिरवावी लागते. उभ्या यंत्रांतील रबर सुकतें, तेलाचा पदर ओसरतो, पेट्रोल आंबतें.

ज्यांच्या घरीं आजोबांचें घड्याळ अजून ठोके देतें, त्यांस हें निराळें सांगावयास नको. त्या घड्याळास आठवड्यास किल्ली देणारा हात घरांत कोणीतरी पुढें केलेला असतो. वाक्सेनबेर्गरनें वेग निर्माण केला, तो एका उमेदीच्या भरांत. तो पन्नास वर्षें जिवंत ठेवला तो मात्र वंगणाचा डबा आणि नोंदींची वही घेऊन दर महिन्यास गाडीखालीं वांकणाऱ्या माणसांनीं. त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणत्याहि इतिहासांत नाहींत. परंतु त्या वह्यांत त्यांचें हस्ताक्षर अद्याप वाचतां येतें.