माळ्यावरची पेटी

मीरा-भाईंदरच्या ज्या पट्ट्यात आज पूनम सागरसारख्या वसाहती उभ्या आहेत, तो एके काळी शेतांचा आणि मिठागरांचा मुलूख होता. 1985 साली येथे नगरपरिषद झाली, 2002 साली महानगरपालिका. या काळात उत्तन, वसई, वांद्रे, गोवा अशा ठिकाणांहून अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी येथे बिऱ्हाड थाटले. ओटी, माजघर आणि अंगण गावीच राहिले. तांब्याचा हंडा, पणजीचे लुगडे आणि कागदपत्रांची पेटी मात्र दोन खोल्यांच्या घरात येऊन माळ्यावर चढली. घर बदलण्याची वेळ आली की हंडा मोडीत जातो, पेटी भंगारवाल्याकडे. आतल्या कागदांकडे तर कुणी पाहतही नाही.

या वस्तू योग्य ठिकाणी सोपवाव्यात, असे आम्ही सुचवितो, त्यामागे इतिहासाचे कारण आहे. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाचा पूर्वेतिहास आपणांस बव्हंशी पोर्तुगीज आणि इंग्रज दप्तरांतून कळतो. त्यांत किल्ले आहेत, महसूल आहे, चर्चची बांधकामे आहेत. आपल्या आज्या काय नेसत, मसाला कशात कुटत, लग्नघरी कोणती भांडी बाहेर काढीत, याची नोंद कुणी का करावी? ती नोंद फक्त वस्तूंत आहे.

मनोरी येथे मोबाई गावठाण पंचायतीने ईस्ट इंडियन समाजाचे संग्रहालय उभे केले आहे. लुगडी, स्वयंपाकाची भांडी, शेतीची अवजारे अशा घरगुती वस्तू तेथे मांडल्या आहेत. भाईंदरहून उत्तनमार्गे तेथे रस्त्याने जाता येते. मुंबई महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय गोरेगावात 2011 पासून आहे. पण त्याचा भर मूर्ती, पूजापात्रे, धर्मगुरूंची वस्त्रे यांवर. हंडा मनोरीला शोभेल, घरच्या अल्तारावरची जुनी लाकडी मूर्ती गोरेगावला.

मात्र नुसती वस्तू देऊन भागत नाही. वसई 1739 मध्ये मराठ्यांनी जिंकली आणि तेथील घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर 1721 हे साल कोरलेले आहे, म्हणून ती आजही स्वतःविषयी बोलते. आपल्या हंड्यावर असे काही नसते. तो कुणाच्या लग्नात आला, कोणत्या पाड्यातील विहिरीवर जात असे, हे ठाऊक असलेली व्यक्ती घरात आहे तोवरच लिहून घेतले पाहिजे. त्या एका कागदावाचून संग्रहालयातला हंडा आणि बाजारातला हंडा यांत फरक तो काय?

कागदपत्रांचे मोल तर याहून मोठे. इतिहासाचार्य राजवाडे घरोघर हिंडून जुनी दप्तरे शोधीत. 1898 साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, असे 22 खंड झाले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि अशा दप्तरांना हक्काचे घर मिळाले. आपल्या पेटीत पेशव्यांची पत्रे नसतील; खरेदीखत, सारा भरल्याची पावती, बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचे छायाचित्र असेल. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव समाजाने 1887 साली संघटनेद्वारे धारण केले. त्याआधीच्या खतपत्रांत आपल्या पूर्वजांना काय म्हटले आहे, हे पाहण्याची उत्सुकता कुणाला नसेल? सोने खुशाल लेकीसुनांना द्यावे. आमच्या मते आधी सोपवायचे ते कागद, कारण कसर आणि वाळवी वारसांच्या एकमतासाठी थांबत नाहीत.

एकमत मात्र हवेच. वस्तू सामाईक असेल तर भावाबहिणींची लेखी संमती घ्यावी. कायमचे दान की काही वर्षांपुरते ठेवायला दिले, हे दानपत्रात स्पष्ट असावे. संस्थेच्या नोंदवहीतील क्रमांक मागून घ्यावा. कागद देण्यापूर्वी त्यांच्या प्रती घरी ठेवाव्यात.

आणखी एक गोष्ट, विशेषतः ज्यांची मुले कॅनडा वा ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत त्यांच्यासाठी. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, कोरीव काम यांसारखी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पणजोबांच्या काळची मूर्ती सामानात भरण्यापूर्वी तिचे वय विचारून घ्यावे.