जयपूर राजवाड्यातील अंधारखोली

जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे (कारकीर्द 1835–1880) स्वतः छायाचित्रकार होते. राजवाड्यातच त्यांनी तसवीरखाना, म्हणजे छायाचित्रणाचा स्टुडिओ, उभारला. ते वापरत त्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांच्या 1851 च्या ओल्या कलोडियन पद्धतीत अंधारखोली कॅमेऱ्याजवळच लागे. काचेवर कलोडियन ओतून ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच चित्र टिपून विकसित करायची. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा; जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तेवढाही अवधी मिळणे कठीण. जागा मात्र थोडी पुरे. लेप मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील असल्याने पिवळ्या काचेतून येणारा उजेड चाले, आणि अल्ब्युमेन कागदावरील प्रती तर उन्हातच छापल्या जात. जनान्यातील स्त्रियांच्या छायाचित्रांसह रामसिंहांच्या काचपट्ट्या सिटी पॅलेसमधील महाराजा सवाई मानसिंह दुसरे संग्रहालयात आहेत.